मिटता मांडव

मोटरहोममध्ये घरातलं सगळं असतं. पलंग असतो, ओटा असतो, शेगडी, फ्रीज, न्हाणी, पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, आणि या दोन्ही टाक्यांची सारखी आठवण करून देणारे लाल दिवे. नसतं ते अंगण. दार उघडून दोन पायऱ्या उतरलं की माणूस एकदम उघड्यावर. मधे ओटी नाही, पडवी नाही, चपला काढायला जागा नाही. आलेल्यानं दार वाजवायचं आणि आपण त्याला थेट स्वयंपाकघरात घ्यायचं, कारण दाराशीच स्वयंपाकघर. इतक्या सलगीला पाहुणा तयार नसतो आणि यजमानही नसतो.

म्हणून गाडीच्या अंगाला ऑनिंग. छताच्या कडेशी रुळावर गुंडाळून ठेवलेलं कापड. ओढलं की आठ फूट पुढे येतं, दोन टोकांच्या ॲल्युमिनियमच्या हातांवर ताणून उभं राहतं, आणि खाली जी सावली पडते तेवढी जागा आपली होते. जमीन सरकारची असली तरी.

इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचं गाव आहे. अमेरिकेतल्या बहुतेक मोटरहोम आणि ट्रेलर त्याच्या आसपासच्या कारखान्यांत तयार होतात. आमची गाडीही तिथलीच, आम्ही ती मिशिगनमध्ये जुनी विकत घेतली. गावात या गाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे 1913 सालचा एक ट्रेलर आहे, लाकडी, एखाद्या कपाटाएवढा. त्यापलीकडे 1931 सालची शेवरोलेची घरगाडी उभी आहे. मे वेस्ट या नटीनं रंगभूमी सोडून सिनेमात यावं म्हणून पॅरामाउंट स्टुडिओनं ती तिच्यासाठी बनवून घेतली होती. तिच्यात शेगडी आहे, बर्फाची पेटी आहे, छोटं टेबल आहे. आणि मागच्या टोकाला चिमुकली ओसरी आहे. तिथे झुलत्या खुर्चीत बाई बसत, असं सांगतात. सबंध संग्रहालयात मला सगळ्यांत पटली ती ओसरी. तिच्या पुढे चकचकीत, लांबलचक, आतून हॉटेलसारख्या नटवलेल्या गाड्या होत्या; मी त्यांच्याकडे फारसं पाहिलं नाही.

हिवाळ्यात आम्ही ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला जातो. फिनिक्सपासून पश्चिमेला दोनशे किलोमीटर. 2020 च्या जनगणनेत गावाची वस्ती अडीच हजारांच्या आतच भरली, पण जानेवारीत जाऊन बघावं, क्षितिजापर्यंत गाड्या. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचं सपाट वाळवंट आहे, केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याचं. 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल या काळात परवाना काढून तिथे मुक्काम ठोकता येतो. गाडीगणिक आखून दिलेली जागा नाही, वीज नाही. खडी, क्रिओसोटची झुडपं, हिरव्या खोडाची पालो वर्दे, आणि मिनेसोटा, ओरेगन, कॅनडातलं सस्कॅचेवान इथून थंडी चुकवायला आलेली पांढऱ्या केसांची मंडळी. आता आम्हीही त्यांतलेच, केसांसकट.

या वस्तीत कुंपणं नाहीत, तरी शिष्टाचार कडक आहे. ऑनिंग उघडं आणि खाली खुर्च्या असतील, तर जाणारा हात करतो, थांबतो, हवेविषयी बोलतो, मग गुडघ्यांविषयी. ऑनिंग मिटलेलं असेल तर तो मान खाली घालून पुढे जातो. आमचं ऑनिंग मोडलं तेव्हा हे मला पुरतं समजलं. आम्ही होतो तसेच होतो. खुर्च्या गाडीच्या पडत्या सावलीत मांडत होतो, चहा करत होतो. पण माणसं थांबेनात. उन्हात बसलेल्या माणसाकडे कुणी बसायला येत नाही.

मोडलं म्हणजे काय झालं? एका दुपारी ओढताना वरच्या कडेला कर्रर आवाज झाला, भिंतीवरची रेल एका टोकाला बोटभर सुटली, आणि कापड रेलीच्या अगदी लगत हातभर फाटलं. आयुष्यभर यंत्रांच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं काढली असल्यामुळे मला अशा वेळी वाईट वाटायच्या आधी उत्सुकता वाटते. बायकोला ते आवडत नाही. "अहो, आधी हळहळा तरी," ती म्हणाली.

कापड तिथेच का फाटलं, याचं उत्तर सोपं होतं. ऑनिंग गुंडाळलं की सगळं कापड रुळावर एकावर एक बसतं आणि सुरक्षित राहतं. उघडा राहतो तो रेलीपासून रुळापर्यंतचा वरचा काही इंचांचा पट्टा. बाकीचं कापड ऊन खातं ते फक्त मुक्कामाला. हा पट्टा प्रवासात, अंगणात, वर्षाचे बाराही महिने ऊन खातो. त्याच्यावर झाकण असतं, पण आमचं झाकणही केव्हाच तडकलं होतं. कापड व्हिनाइलचं. ऊन लागून लागून त्यातला मऊपणा उडून जातो आणि ते पापडासारखं कडकड मोडतं.

रेलीचं प्रकरण जास्त खोल होतं. ॲल्युमिनियमची लांब पट्टी, तिच्या पोटात खोबण. कापडाच्या कडेत शिवलेली दोरी त्या खोबणीत सरकवून बसवायची. ही पट्टी भिंतीला स्क्रूंनी धरलेली. आधीच्या कोणा मालकानं केव्हातरी काही स्क्रू बदलले होते आणि साधे पोलादी घातले होते. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. मिठाचं पाणी, पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की आधी स्क्रूवरचा जस्ताचा मुलामा जातो, मग गंज धरतो, आणि भोवतालच्या ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी चढते. भोकं मोठी होतात. मोठ्या भोकांतून पाणी आत जातं आणि भिंतीच्या पत्र्यामागची लाकडी पट्टी कुजवतं. मी स्क्रू फिरवला, तो निघाला नाही. बोटांनी ओढला, निघाला. त्याच्या आट्यांत चहाच्या चोथ्यासारखं लाकूड होतं.

याच सुमाराला मेहुणा आला. गुहागरजवळ त्याची नारळ-सुपारीची बाग आहे. बहिणीकडे अमेरिकेला पहिल्यांदाच येत होता, आणि त्याला नायगारा वगैरे बघायचं असावं, पण जानेवारीत ताईचं घर वाळवंटात होतं, त्याला कोण काय करणार. आल्या आल्या त्यानं लोंबणारं कापड बघितलं.

"भावोजी, मांडव पडला की तुमचा."

"पडला नाही रे, फाटला."

"मग काढा ना. नवा घाला."

त्याच्या दृष्टीनं प्रश्न एवढाच होता. कोकणात दिवाळीच्या सुमारास, पाऊस पुरता हटला की, अंगण चोपून, शेणानं सारवून त्यावर मांडव घालतात. खांब उभे करायचे, त्यांवर आडवे वासे, वर बांबूंची चौकट, आणि त्यावर माडाचे विणलेले झाप नाहीतर सुपारीच्या झावळ्या. सगळं सुंभानं बांधायचं. खिळा नाही. कोकमं त्या अंगणात वाळतात, आंब्याची साठं वाळतात, लग्नं त्याच मांडवाखाली लागतात, आणि वैशाखात सबंध घर तिथे झोपायला येतं. मृग जवळ आला की मांडव उतरवायचा. वासे, बांबू माळ्यावर, झाप चुलीला. पुढच्या वर्षी नवे झाप. त्याच्या मांडवात दुरुस्ती नावाची गोष्टच नाही.

आमच्या या वस्तूचा दावा मोठा. ती म्हणे वर्षानुवर्षं टिकायची, ऊन-पावसात उघडायची-मिटायची, सत्तर मैलांच्या वेगानं धावणाऱ्या गाडीच्या अंगाला घट्ट बिलगून राहायची. एवढा दावा केला की दुरुस्ती आलीच. मी हे मेहुण्याला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, "दावा कापडानं नाही केला भावोजी, विकणाऱ्यानं केला." यावर मला काही सुचलं नाही.

कापड नवीन मागवलं, बाकी सगळं जुनंच ठेवायचं ठरवलं. या वेळी ॲक्रिलिकचं. ऑनिंगसाठी विणलेलं ॲक्रिलिक कापड नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्लेन रेव्हन कंपनीनं 1961 साली सनब्रेला या नावानं बाजारात आणलं. त्यात रंग वरून चढवलेला नसतो. धागा ओढायच्या आधीच रंग आत मिसळलेला असतो, म्हणून विटत नाही. हवा त्यातून खेळते, व्हिनाइलखाली जी कोंडट उकड साठते ती साठत नाही. उलट त्याचा तोटा असा की ओलं गुंडाळून ठेवलं तर बुरशी धरतं, आणि मुसळधार पावसात आतून बोट लावलं की तिथून ठिबकतं. क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात या दोन्ही गोष्टींची भीती थोडी. माप घेताना कापडाची लांबी मोजायची नसते, दोन हातांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर मोजायचं असतं. आमचं 18 फूट भरलं.

जुनं उतरवण्यातला धोका रुळाच्या पोटात असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. रुळाच्या दोन्ही टोकांना आत पिळाची स्प्रिंग असते. ऑनिंग ओढत बाहेर काढू लागलं की रूळ फिरतो आणि स्प्रिंगला पीळ बसत जातो. पूर्ण उघडलेलं ऑनिंग दिसायला किती निवांत, पण त्याच वेळी स्प्रिंगेचा ताण सर्वांत जास्त असतो. तिला क्षणोक्षणी मिटायचंच असतं. एका टोकाची दातेरी चाकं तिला अडवून धरतात. हात, कमानी, खिट्ट्या, मळसूत्री मुठी, सगळा जो बाहेरचा पसारा आपल्याला दिसतो, तो त्या एका इच्छेला थोपवण्यासाठी. आणि मिटलेल्या अवस्थेतही थोडा पीळ मुद्दाम शिल्लक ठेवलेला असतो, नाहीतर वाटेत वाऱ्यानं कापड सुटायचं.

नोकरीत मी स्प्रिंगा पुष्कळ काढल्या, कागदावर. ही माझ्या हातात होती. टोकाच्या टोपीला एक भोक असतं. आतलं भोक आणि बाहेरचं भोक एका रेषेत आणून त्यात कॉटर पिन घालायची, दोन्ही पाय वाकवायचे, आणि मगच हाताला जोडणारे रिव्हेट कापायचे. पिन न घालता टोपी सोडवली तर ती भोवऱ्यासारखी सुटते आणि त्या वेळी तिच्यावर ज्याची बोटं असतील त्याची बोटं जातात. मेहुण्याला हे सांगितल्यावर तो पिनेशेजारी उकिडवा बसला आणि रूळ खाली उतरेपर्यंत तिच्यावरची नजर त्यानं काढली नाही. माडावर चढणाऱ्या माणसाला दोरीच्या गाठीची जी कदर असते ती माझ्या ड्रॉइंगच्या टेबलावर क्वचित दिसली.

स्टेनलेसचे स्क्रू आणायला गावात गेलो. क्वार्ट्झसाइटचा हिवाळी बाजार म्हणजे जुन्या हत्यारांचा, दगडांचा, मण्यांचा, टोप्यांचा आणि अर्धवट यंत्रांचा मोठा उघडा पसारा. स्क्रू मिळाले. बाजारापलीकडे दफनभूमी आहे, तिथे दगडी पिरॅमिड बांधलेली कबर आहे आणि टोकावर तांब्याचा उंट. मेहुणा तिथे थांबला, म्हणून मीही थांबलो. कबर हाजी अलीची. अमेरिकी लष्करानं 1856 साली वाळवंटी मुलखात सामान वाहायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर उंट हाकायला ऑटोमन मुलखातली माणसं आणली. त्यांतला हा एक. इथल्यांना नाव उच्चारता येईना, तो हाय जॉली झाला. उंटांचा प्रयोग गुंडाळला गेला, माणूस राहिला, आणि 1902 साली इथेच गेला. "मुंबईत समुद्रात, इथे वाळवंटात," मेहुणा म्हणाला. मी त्याला सांगितलं की तो हाजी अली वेगळा. त्याला ते माहीत होतं.

कुजलेली लाकडी पट्टी कोरून काढली, जिथे पोकळी झाली तिथे कठीण लाकडाचे तुकडे इपॉक्सीत बसवले. जुनं सीलंट खरवडणं हे या सगळ्या कामातलं सर्वांत कंटाळवाणं काम. कोणीतरी, बहुधा त्याच स्क्रूवाल्यानं, वरून सिलिकॉन फासून ठेवलं होतं. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही, आणि घाईत लावलेल्या सिलिकॉनविषयी माझं मत छापण्यासारखं नाही. प्लॅस्टिकची पाती घेऊन आम्ही आळीपाळीनं शिडीवर बसलो. मग रेलीच्या पाठीवर ब्युटाइलची काळी चिकट टेप, मग स्क्रू. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचंही खरं तर पटत नाही. पण मधे ब्युटाइल असलं आणि पाणी आत गेलं नाही तर जमवून घेतात. स्क्रू आवळताना टेप सगळीकडून सारखी बाहेर डोकावली पाहिजे. डोकावली.

नवं कापड खोबणीत सरकवायला तीन माणसं लागतात. एकानं शिडीवर उभं राहून दोरीची कड रेलीच्या तोंडात द्यायची, दोघांनी कापड गुंडाळलेला रूळ हातांसकट उचलून त्याच्या चालीनं पुढे न्यायचा. खोबणीत साबणाचं पाणी फवारायचं. शिडीवर मी, खाली बहीण-भाऊ. कापड मधेच अडकलं की मी वरून "थांबा" म्हणायचो आणि ते दोघं एकमेकांना दोष द्यायचे. "तू ओढतोस." "ताई, तू उचलतेस." हे भांडण कुठल्यातरी जुन्या मांडवाखालचं असावं, मला त्यात जागा नव्हती. रस्त्यापलीकडचे सस्कॅचेवानचे गृहस्थ, जे आमचं ऑनिंग मिटल्यापासून फिरकले नव्हते, ते न बोलावता आले आणि मधल्या भागाला खांदा दिला. रूळ सरळ गेला.

मग स्प्रिंग. पुस्तिकेत लांबीप्रमाणे किती फेरे पीळ द्यायचा ते छापलेलं असतं. जबड्याची पकड टोपीच्या दांड्याला घट्ट धरून, एकेक फेरा मोठ्यानं मोजत पीळ दिला, आणि पुन्हा पिन. पहिले फेरे पोरखेळ वाटतात. शेवटच्या फेऱ्यांना मनगटं थरथरतात. हात जोडून झाले, रिव्हेट बसले, पिन काढली, आणि खटका खाली करून मी हळूहळू कापड ओढलं.

पहिल्यांदा जाणवला तो रंग. बायकोनं निळं कापड निवडलं होतं. खाली उभे असलेले आम्ही चौघं निळसर दिसू लागलो, चहाची किटली निळसर झाली. रोमन कवी ल्युक्रेशियसनं आपल्या काव्याच्या चौथ्या भागात नाटकगृहांवर ताणलेल्या पिवळ्या, तांबड्या, गंजाच्या रंगाच्या कापडांचं वर्णन केलं आहे: वरून त्यांचा रंग खाली झिरपतो आणि प्रेक्षक, रंगमंच, सगळं त्यात न्हाऊन निघतं. त्याला त्यातून वस्तूंच्या पृष्ठभागावरून सूक्ष्म कण सुटतात हे पटवायचं होतं. पुढे इसवी सन 80 मध्ये रोमचं कलोसियम उघडलं, त्याच्या माथ्यावर कापड ताणण्यासाठी 240 खांबांची सोय होती, आणि ते काम करायला मिसेनमच्या आरमारातले खलाशी नेमलेले असत. खलाशीच का, याचं उत्तर मला त्या दुपारी वारा सुटला तेव्हा मिळालं. ऑनिंगला आपण छप्पर म्हणतो, पण वाऱ्याच्या हिशेबात ते शीड असतं. आमचं कापड 144 चौरस फूट. ताशी 40 मैलांचा वारा त्याच्यावर आडवा आला तर चौरस फुटाला साधारण 4 पौंड दाब, म्हणजे एकूण 600 पौंडांच्या आसपास. हे सगळं वजन जाणार कुठे, तर माझ्या त्या स्क्रूंवर. गणित करायला मला अर्धं मिनिट लागलं. तेवढ्यात मेहुण्यानं आकाशाकडे बघून एका बाजूचा हात खाली केला होता.

"पावसाचं पाणी उतरायला लागतं हे," मी म्हटलं, "वाऱ्याला मिटावंच लागतं."

"मिटा मग. मांडव असता तर झाप उडाले असते, सुंभ तुटलं असतं, खांब राहिले असते."

"आणि इथे?"

"इथे गाडी उडेल."

गाडी उडाली नसती. पण मिटलं. दांडीचा आकडा खटक्यात घालून तो वर केला की स्प्रिंगेला जे हवं असतं ते ती करू लागते, आणि आपलं काम फक्त तिला घाई करू न देणं. कापड सुरकुती न पडता रुळावर गेलं. वारा थांबल्यावर पुन्हा उघडलं. आमच्याकडे माणसं आता पूर्वीसारखी थांबू लागली आहेत, आणि ऑनिंगविषयी बोलण्याची हक्काची सोय झाल्यामुळे गुडघ्यांचा विषय मागे पडला आहे. मेहुणा निळ्या सावलीत बसून सुपारी कातरतो आणि आल्यागेल्याला माडाचा झाप कसा विणतात ते हातवारे करून दाखवतो. इथे माड नाहीत, पण गावात शोभेची पामची झाडं आहेत, आणि त्यांच्या झावळ्या छाटून टाकतात कुठे, याची त्यानं चौकशी चालवली आहे.

काल सस्कॅचेवानचे गृहस्थ त्यांच्या ऑनिंगची रेल बघायला घेऊन गेले. मेहुणा शिडीवर चढला, एक स्क्रू बोटांनी ओढून बघितला, दुसरा बघितला, आणि खाली न उतरताच मला मराठीत म्हणाला, "भावोजी, यांना सांगा, सिलिकॉन आहे."